परसदारातील पाहुणे आणि घरची मनी

बदलीच्या नोकरीत आमच्या आयुष्याचा मोठा काळ सदनिकांमध्ये गेला. निवृत्तीनंतर कोकणातील वडिलोपार्जित घरी परतलो, तेव्हा प्रथमच परसदार लाभले आणि पाठोपाठ एक मांजरही. रात्री पडवीत तिच्यासाठी दूधभाताची थाळी ठेवण्याचा परिपाठ पडला. सकाळी थाळी लख्ख असे. एके रात्री विजेरीच्या उजेडात पाहिले, तर थाळीशी उदमांजर बसले होते. काही भागांत यालाच कांडेचोर म्हणतात. आमची मनी तीन हातांवर मुकाट बसून होती. रानातल्या जीवालाही आपल्या घरी घास मिळतो, याचे तेव्हा मोठे समाधान वाटले.

पुढल्या पावसाळ्यात मनी उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत गेली. पशुवैद्यांनी ‘पॅनल्युकोपेनिया’ या रोगाचे नाव सांगितले. त्यावर लस आहे. आम्ही ती टोचून घेतली नव्हती. हा संसर्ग मार्जारकुळातील रानटी प्राण्यांनाही होऊ शकतो, हे ऐकल्यावर मात्र त्या थाळीविषयीचे समाधान पार ओसरले.

परसदारी येणारे हे पाहुणे निरुपयोगी नसतात. मुंगूस उंदीर, कीटक आणि साप खाते. उदमांजर फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरवते. उंदीर समजून आपण जिला हाकलतो, ती चिचुंद्री वस्तुतः कीटकभक्षी आहे. मांजर तिला मारते. परंतु उग्र दर्पामुळे बहुधा खात नाही. याचा अर्थ, भरल्या पोटीही मांजराची शिकार थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल, शिकार हा मांजराचा धर्मच. त्यात ढवळाढवळ कशाला? हे म्हणणे अर्धेच खरे आहे. रानात भक्ष्य घटले की भक्षकही घटतात. आपल्या मनीला तो नियम लागू नाही, कारण तिच्या खात्यावर घरची ठेव कायम जमा असते. रानातल्या जीवाला रोजच्या कमाईवाचून दुसरा आधार नाही. ही स्पर्धा बरोबरीची नाही आणि ती आपण लावून दिलेली आहे.

शिवाय मोकाट मांजराचा धोका घरापर्यंतही येतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांखालोखाल पाळीव मांजरांचा वाटा आढळला. रात्री बाहेर सोडलेले मांजर हे बिबट्यासाठी आमंत्रणच ठरू शकते.

दुसरी चूक प्रेमापोटी घडते. ऊसतोडणीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्ले सापडतात. पूर्ण वाढ झालेली वाघाटीही जेमतेम दीड किलोची. जगातील सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी ती एक. तिची पिल्ले मांजराची समजून कोणी घरी आणतो, तर कोणी बिबट्याचे बछडे समजून घाबरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघाटीचा समावेश असल्याने तिला पाळणे हा गुन्हा आहे. अशी पिल्ले दिसल्यास ती न हाताळता वनखात्याला कळवावे. पिल्ले जागेवरच राहिली, तर रात्री आई परतून त्यांना घेऊन जाण्याची शक्यता असते.

आमचे मत इतकेच, की मांजर जरूर पाळावे, पण त्याची जबाबदारी परसदाराच्या कुंपणाशी संपते असे मानू नये. त्याला पॅनल्युकोपेनिया व रेबीज या रोगांच्या लसी टोचाव्यात, निर्बीजीकरण करून घ्यावे, अन्न घरातच द्यावे आणि दिवेलागणीनंतर त्याला आत घ्यावे. रानच्या पाहुण्यांना घास घालू नये आणि दगडही मारू नये. त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देणे हेच त्यांचे खरे आदरातिथ्य.

आता आमच्याकडे दुसरी मनी आहे. ती रात्री घरातच असते. पडवीत थाळी नसते. उदमांजर मात्र अजूनही येते. परसातल्या पिकल्या पपया खाते आणि निघून जाते. विजेरी न लावता, दाराच्या फटीतून आम्ही त्याला पाहतो. तेवढे सुख पुरेसे आहे.