दुखण्याची वाट कशाला पाहायची?

बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा वय अवघे ६५! आज त्याच वयाचे आमचे शेतमजूर, सफाई कामगार ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत तपासणी टाळतात. वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर दुखत नाही. लकवा मारतो, किडनी जाते, तेव्हाच कळते. मग घर कर्जात बुडते. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढील प्रत्येकाची ही तपासणी मोफत आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. यंत्र बंद, गोळ्या संपल्या असतील तर संघटितपणे जाब विचारा. पण त्यासाठी आधी दारात जावे लागेल. तरुणांनो, रविवारच्या वंदनेनंतर विहारातच दिवस ठरवा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन जा, हेच आमचे आवाहन.