रोख शहराला, उधार गावाला?

दीपावली उंबरठ्यावर आली की घराघरांत साफसफाई, फराळाची तयारी आणि खरेदीची यादी या तिन्ही गोष्टींना एकदमच वेग येतो. यादी घेऊन निघालेली पावले कोणत्या दुकानाकडे वळतात, याचा विचार मात्र धर्माच्या अंगाने क्वचितच केला जातो. पूजा देव्हाऱ्यापुढे आणि व्यवहार बाजारात, या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, अशीच सर्वसाधारण समजूत असते. निदान लक्ष्मीपूजनाच्या बाबतीत तरी ही समजूत बरोबर नाही, असे आमचे नम्र मत आहे; आणि ते आम्ही आमच्या वाटूरच्या उदाहरणाने वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, त्यापूर्वी हा तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. जालन्याहून मंठा-जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला परतूरचा रस्ता जेथे मिळतो, तो वाटूर फाटा. शेगाव आणि पंढरपूर या दोन क्षेत्रांना लोणार, मंठा, परतूर, माजलगाव असा जोडणारा मार्गही येथूनच जातो. त्यामुळे व्यापारी आणि वारकरी, बाजारकरी आणि माहेरवाशीण, सर्वांनाच या फाट्यावर घटकाभर थांबावे लागते. थांबणाऱ्या माणसाला चहा हवा, पाणी हवे, पोटाला आधार हवा. या गरजेतूनच असे फाटे वाढतात. चहाचे हॉटेल, भज्यांची कढई, मोसंबीची गाडी, किराणा, कापडाचे दुकान, शिंप्याचे यंत्र, पंक्चर काढणारा कारागीर, असा हा लहान लहान उद्योगांचा संसार असतो. यातले कोणीही धनाढ्य नसते. परंतु यातला एक जरी उठला, तरी पंचक्रोशीची अडचण होते.

आता या संसाराचा हिशेब पाहावा. आमच्या भागातील बहुतेक शेती पावसावर अवलंबून. सोयाबीन आणि कापूस यांचा पैसा हाती येऊ लागतो तो साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्याआधीचे चार महिने पेरणी, खत, औषध यांत जवळचे सारे सरते. नेमके तेच महिने सणावारांचे! आषाढीचा साबुदाणा, श्रावणातले उपवास, नागपंचमी, पोळा, गौरी-गणपती, पितृपक्ष, घटस्थापना, यांपैकी कोणताही सण आपण टाळत नाही, आणि टाळूही नये. मग हे सण निभावतात कोणाच्या आधारावर? गावातल्या किराणा दुकानदाराच्या वहीवर. दुकानात डोक्यावर ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी लटकत असते आणि तिच्याच खाली बसलेला मनुष्य मुकाट्याने उधारी लिहीत असतो. बँक कागद मागते, जामीन मागते. हा मनुष्य केवळ ओळख पाहतो.

आणि पैसा हाती आला की काय होते? दिवाळीचे कापड जालन्याहून, मिठाई शहरातल्या चकचकीत दुकानातून, भांडी छत्रपती संभाजीनगरहून, आणि उरलेसुरले सामान घरबसल्या मोबाइलवर मागविलेले! गावातल्या वहीत ‘थोडे जमा’ म्हणून काही टेकविले जाते, बाकी पुढच्या साली. रोख शहराला आणि उधार गावाला, अशी ही वाटणी आहे. कोणाला फसवावे असा यात कोणाचा हेतू नसतो, हे आम्ही जाणतो. तथापि हेतू नसला म्हणून अन्याय टळतो असे नाही.

शहराशी आमचे वैर नाही. जालन्याची बाजारपेठ जुनी आणि नामांकित आहे. बी-बियाणे असो की लोखंड, ती पंचक्रोशीचाच आधार आहे. जे गावात मिळत नाही ते तेथून आणावे, यात गैर काहीच नाही. शहरात चार पैसे स्वस्त मिळते, हा गृहिणीचा युक्तिवादही आम्ही हसण्यावारी नेणार नाही. काटकसर हाच तिचा संसारधर्म आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हिशेब करावयाचा तर तो पुरा करावा. येण्याजाण्याचे भाडे, बुडालेला रोज आणि तेथे पाहून घेतलेल्या अनावश्यक वस्तू हे सारे त्यात धरावे. शिवाय श्रावणात बिनव्याजी मिळालेल्या साखरेचे मोल त्यात कोठे मांडले आहे, हेही पाहावे. शहरातला दुकानदार उधार देत नाही, म्हणूनच त्याला स्वस्त विकणे परवडते, ही गोष्ट आपण विसरतो.

आपल्या धर्माने ऋणाचा विचार फार खोलवर केला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे ऋण. आणि माणसांना आसरा व अन्न दिल्याने ते फिटते, असा त्याचा आशय आहे. या दृष्टीने पाहता, वाटसरूला सावली आणि घास देणारा फाट्यावरचा हॉटेलवाला पैसे घेऊन का होईना, पण एका प्राचीन धर्माचेच पालन करीत असतो. त्याची आणि वाण्याची बाकी थकवून आपण लक्ष्मीपुढे दिवा लावतो, तेव्हा त्या पूजेत काही उणे राहते, असे कोणाही श्रद्धाळू मनाला वाटले पाहिजे. त्याच संध्याकाळी तोही आपल्या वहीवर ‘श्री’ काढून तिची पूजा करीत असतो. त्या पूजेतल्या वहीत आपले नाव कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

लक्ष्मीपूजनाचे साहित्यच पाहा ना! पणती कुंभाराची, केरसुणी शिंदीच्या पानांची, लाह्या-बत्तासे भट्टीवाल्याचे, फुले माळ्याची, तेल घाणीचे. लक्ष्मी म्हणून आपण जिला हळदकुंकू वाहतो ती केरसुणीसुद्धा कोणा कष्टकऱ्याच्या हातची असते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन केले आहे, त्यात कारागिराचा वाटा त्याला धान्यरूपाने पोचत असे. त्या व्यवस्थेत जातीची जखडणूक होती, अन्याय होता. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पीक घरात येताच कारागिराचा वाटा बाजूला काढावयाचा, ही तिच्यातली शहाणी गोष्ट आपण जखडणुकीबरोबरच टाकून दिली.

उपाहारगृहांबाबत आमच्या भाविक घरांत अजूनही थोडा संकोच आढळतो. बाहेरचे खाऊ नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण अस्वच्छतेच्या भयातून आली होती आणि तिच्यात तथ्यही होते. मात्र शहरातून आलेल्या पेढ्यांच्या खोक्याला तो नियम लागत नाही, हे नवल! तो खवा कोठला, तो केव्हा आटविला, हे आपण विचारीतही नाही. उलट फाट्यावरची कढई आपल्या डोळ्यांसमोर असते. तेल काळे पडले तर ते दिसते, आणि चार शब्द सुनावण्याचा अधिकारही आपल्याला असतो. ज्याचे हात पाहता येतात त्याच्याकडचे घ्यावे, हा जुन्या शिकवणीचाच खरा अर्थ नव्हे काय?

अर्थात हे कर्तव्य एकतर्फी नाही. दुकानदारानेही माप पुरे द्यावे, सणाची निकड पाहून भाव चढवू नये, उधारीच्या नावाखाली दर फुगवू नयेत. अडल्यानडल्याच्या गरजेवर गबर झालेले व्यापारीही गावांनी पाहिले आहेत. सारेच दुकानदार साधू असतात, असा आमचा दावा नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला आणि लहान खाद्यविक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. तिला जाच न मानता प्रतिष्ठा मानावे. झाकलेले पाणी, धुतलेला पेला आणि ताजे तेल हीच फाट्यावरची लक्ष्मीपूजा होय.

या गोष्टीला आज विशेष निकड आली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह संपूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या वाटेवर कोणाला रस्त्याकडेला टपरी मांडता येत नाही. वाहन एकदा आत शिरले की ठरलेल्या ठिकाणीच बाहेर पडते. जालन्याहून नांदेडकडे तशाच जोडमार्गाची योजना आहे. प्रवाशांचा वेळ वाचेल, हे चांगलेच. परंतु उद्या लांब पल्ल्याची वाहने फाट्यावरून वळेनाशी झाली, तर तेथील चूल पंचक्रोशीच्या गिऱ्हाईकावरच तगेल. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण.

त्यातच २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात उभी पिके पाण्यात गेली. ज्याच्या शेतात काहीच उरले नाही, त्याने बाकी कशी फेडावी? अशाने लाजून वाट बदलू नये, एवढेच आम्ही सुचवू. दुकानाची पायरी चढून स्पष्ट सांगावे, जमेल तेवढे टेकवावे, मुदत मागावी. तोंड चुकविणाऱ्या ऋणकोपेक्षा तोंड दाखविणारा ऋणको दुकानदाराला हजारपटीने बरा वाटतो.

ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या दिवसांत तीन गोष्टी कराव्या: गावातील उधारी आधी चुकती करावी, पणत्या, केरसुणी, लाह्या, बत्तासे रोखीने येथल्याच माणसाकडून घ्यावे, आणि फराळाचे एक ताट फाट्यावर कढईपुढे दिवसभर उभ्या असलेल्या मनुष्याच्या घरी पोचते करावे. मग खुशाल शहराची गाडी धरावी. लक्ष्मी चंचल आहे, असे म्हणतात. तिने आपल्या गावात चार घरे फिरून मग वेशीबाहेर जावे, इतकी व्यवस्था आपल्या हाती निश्चित आहे.

सर्व वाचकांस दीपावली सुखाची आणि ऋणमुक्तीची जावो!