परक्या पैशावरचे सीमारक्षण

१८९३ साली ब्रिटिशांनी आखलेली ड्युरँड रेषा पश्तून समाजाला मधोमध चिरत जाते. अशा सरहद्दींवर पहारा देण्यासाठी २००१ नंतर अमेरिकेने व तिच्या मित्रराष्ट्रांनी अफगाण सीमा पोलीस दल उभारले. शस्त्रे, वाहने, प्रशिक्षक बाहेरून आले. पगारही परदेशी निधीतून होई. पुढे दलाचा बहुतांश भाग लष्कराकडे वर्ग झाला. अफगाण सुरक्षा दलांवर अमेरिकेने ऐंशी अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. तरीही जुलै २०२१ मध्ये इराणलगतचे इस्लाम काला व पाकिस्तानलगतचे स्पिन बोल्डक ही नाकी तालिबानच्या हाती गेली. १५ ऑगस्टला काबूल पडले.

शिपाई भ्याड होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हजारोंनी प्राण दिले. दोष रचनेत होता. हजेरीपटावर कागदी शिपाई होते, त्यांचा पगार वरिष्ठ खात. नाक्यांवरील जकात हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार; तिचा बराच भाग स्थानिक सरदारांच्या खिशात जाई. सरकारचा खर्च परका भागवीत असल्याने जनतेला हिशेब देण्याची त्याला गरज भासली नाही.

सरहद्द केवळ बंदुकीने राखली जात नाही. जनतेच्या करावर चालणारे, तिलाच जबाबदार असणारे राज्य मागे नसेल, तर पोलीस दल म्हणजे नुसता गणवेशच होय.