मापात पाप

आमच्या लहानपणी घरी दूध पितळेच्या पातेल्यात तापत असे. गल्लीत कल्हईवाला आला की आई हातातले काम टाकून भांडी बाहेर काढी. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, एवढे तिला ठाऊक होते. तेच भांडे तान्ह्या मुलाच्या यकृताशी वैर धरू शकते, हे आम्हांला फार पुढे कळले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत १९८३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीय बालकांच्या यकृताच्या एका घातक विकारामागे पितळेच्या भांड्यांतील दुधावाटे पोटात जाणारे तांबे असावे, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर पोहोचला आणि तो विकार विरळ झाला.

तांबे शरीराला हवेच असते. प्रश्न असतो तो किती आणि कोठे, हा. विल्सनच्या आनुवंशिक विकारातही यकृतात तांबे साचते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात ते सहसा ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. २५० च्या वर गेले की वैद्यांना या विकाराची दाट शंका येते. परंतु ते यकृतभर सारखे पसरलेले नसते. सुईने काढलेला तुकडा नेमका कोठला, यावर आकडा बदलतो. म्हणून शास्त्रज्ञांनी तांब्याचा नकाशाच काढण्याची युक्ती योजिली.

तुकड्याचा काही मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर ठेवतात. लेसरचा किरण शेत नांगरावे तसा ओळीओळीने त्यावरून फिरतो आणि प्रत्येक बिंदूवरील कणभर ऊती उडवितो. ती धूळ वायूच्या झोताबरोबर हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या ज्योतीत जाते. तेथे अणू विद्युत्भारित होतात आणि यंत्र त्यांना वस्तुमानानुसार निवडून मोजते. लेसरची आणि या यंत्राची अशी सांगड ॲलन ग्रे यांनी १९८५ साली ब्रिटनमध्ये घातली.

मात्र वाचकहो, यंत्र सांगते ते केवळ ठोक्यांची संख्या. अमुक इतके ठोके म्हणजे तांबे किती, हे त्याला शिकवावे लागते. त्यासाठी तांब्याचे ठाऊक प्रमाण असलेली काच वापरली तर? आमच्या बाजारात पूर्वी धान्य अधोलीने मोजून देत. अधोली तीच, पण तांदळाची अधोली आणि पोह्यांची अधोली तराजूत घालून पाहा! काच आणि मांस यांचेही तसेच आहे. लेसरच्या एका फटक्यात दोहोंतून उडणारा ऐवज सारखा नसतो. काचेचे माप मांसाला लावणे हे नकळत घडलेले मापात पापच.

यासाठी मापही सजातीय घ्यावे लागते. जनावराचे यकृत एकजीव वाटून किंवा जिलेटिन घेऊन त्यात तांबे चढत्या प्रमाणात मिसळतात, गोठवून रुग्णाच्या कापाइतकेच जाड काप काढतात. त्यांचाच थोडा भाग आम्लात विरघळवून खरे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवितात. तांबे न मिसळलेला कापही तपासतात, कारण जिलेटिनमध्ये मुळातच थोडे धातू असू शकतात. हे काप कामाच्या आरंभी व शेवटी मोजले म्हणजे मधल्या काळात यंत्र ढळले की नाही तेही कळते.

तरीही चकवे उरतातच. ऊतीतील कार्बन मोजून त्याच्या आधारे किती ऐवज उडाला हे ठरविण्याचा प्रघात आहे. पण कार्बनचा काही भाग वायुरूपाने निसटतो, म्हणून त्याची साक्ष जपून घ्यावी लागते. दुसरा चकवा मिठाचा. आर्गॉनचे वस्तुमान ४०, सोडियमचे २३. दोघे जोडीने आले की यंत्राला ते ६३ चे तांबेच वाटते! म्हणून तांब्याचा ६५ वस्तुमानाचा भाईबंदही मोजतात. दोघांचे गुणोत्तर निसर्गातल्यासारखे न जुळले तर संशय घ्यावा.

हे वाचताना आम्हांला शाळेतला प्रसंग आठवला. एका वर्षी आरोग्य तपासणीत मुलांची वजने समाधानकारक भरली. आम्हीही अहवालावर निश्चिंत मनाने सही केली. दुसऱ्या दिवशी शिपायाने सहज साखरेची पाच किलोंची पिशवी त्या काट्यावर ठेवली, तो काटा साडेसहावर! सारी मुले पुन्हा तोलली, तेव्हा अकरा नावे अशक्त मुलांच्या यादीत गेली. ती अकरा मुले आदल्या दिवशीही तितकीच भुकेली होती. आमच्या कागदावर मात्र ती धडधाकट होती.

लाल-निळ्या रंगांचा नकाशा पाहून डोळे दिपतात. पण त्या रंगांवर एखाद्या लेकराचे औषध ठरणार असेल, तर आधी विचारावे : हा काटा कोणत्या वजनाने तपासला?