युनियन आपली, करार कुणाचा?

मैत्रिणींनो, गेल्या शिबिरात चर्चा रंगात आली असताना एका तरुण मैत्रिणीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही तेवीस वर्षं युनियनची वर्गणी भरलीत. मिळालं काय?" ती एका खाजगी विमान कंपनीत केबिन क्रू आहे. तिथे युनियन नाही आणि तिला ती नकोही आहे. तिच्या मते युनियन हा पुरुषांचा अड्डा, बायकांनी तिथे वेळ घालवू नये. पाहुणे म्हणून आलेले कामगार चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच उसळले. म्हणाले, बायकांचे वेगळे प्रश्न काढून वर्गाची एकजूट फोडू नका. मला दोघांचाही राग आला. त्या दिवशी वेळ संपली म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत आपण अजूनही 'हवाई सुंदरी' म्हणतो. त्याच विमानात, त्याच ट्रॉलीमागे उभा असलेला पुरुष मात्र 'पर्सर'. त्याला कुणी 'हवाई राजबिंडा' म्हटल्याचं ऐकलंय? बाईचं रूप हीच तिची नोकरी आणि पुरुषाचा हुद्दा ही त्याची नोकरी, हे एवढ्या एका शब्दात बसवलेलं आहे. पुढचा सगळा इतिहास त्यातूनच निघतो.

एअर इंडियाच्या नियमांत हवाई सुंदरीची नोकरी पस्तिसाव्या वर्षी संपायची. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्याआधी, आणि पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हाच. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. बरोबरीचा पुरुष अठ्ठावन्नपर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतर जणी याविरुद्ध न्यायालयात गेल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाची अट रद्द केली, तिला भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हटलं, संचालकांची मर्जीही काढून टाकली. पण लग्नाची चार वर्षांची अट ठेवली. तिचं समर्थन करताना कुटुंबनियोजनाचा दाखला दिला! आणि स्त्री-पुरुषांच्या सेवाशर्ती वेगळ्या कशा चालतात, तर म्हणे त्यांची भरतीच वेगळी, श्रेणीच वेगळी. म्हणजे आधी बायकांना वेगळ्या खोलीत बसवायचं, आणि मग वेगळ्या खोलीत आहात म्हणून वेगळा न्याय द्यायचा.

या वेगळ्या श्रेणी टिकल्या कशा? व्यवस्थापनाला त्या हव्या होत्या हे उघडच आहे. पण १९८१ च्या निकालात न्यायालयानं १९६५ चा खोसला निवाडा आणि १९७२ चा महेश निवाडा यांचाही आधार घेतला आहे. हे निवाडे व्यवस्थापन आणि कामगारांच्या वादातून झालेले, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आपलीच माणसं बसलेली होती. आणि २००३ साली तर पडदाही उरला नाही. हवाई सुंदरींनी पन्नाशीला उड्डाण थांबवून जमिनीवरचं काम घ्यायचं, पुरुषांनी मात्र अठ्ठावन्नपर्यंत उडायचं, हा भेदभाव मुंबई उच्च न्यायालयानं २००१ मध्ये अमान्य केला होता. त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? केबिन क्रूची मान्यताप्राप्त संघटना स्वतः. बहुसंख्य हवाई सुंदरी आपल्या सदस्य आहेत आणि त्यांना हेच हवं आहे, असं तिचं म्हणणं. न्यायालयानं वाटाघाटींतून झालेल्या करारांवर बोट ठेवलं आणि संघटनेच्या बाजूनं निकाल दिला.

इथे मी जरा थांबते, कारण या प्रकरणात 'पुरुषांनी बायकांना फसवलं' एवढं म्हणून सुटका होत नाही. पन्नाशीला जमिनीवर यायची सवलत काहीजणींना खरंच हवी होती. रात्री-बेरात्रीची उड्डाणं, सुजलेले पाय, घरी म्हातारी माणसं. ज्यांना उडायचं होतं त्यांचं काय, हा प्रश्न होता. सवलत हवी असणाऱ्यांना ती द्यायला कुणाची ना नव्हती. तिची सक्ती का झाली? कारण बायका जितक्या लवकर जमिनीवर येतील तितक्या वरच्या जागा मोकळ्या. विमानातल्या पर्यवेक्षकाचं पद २००५ मध्ये बायकांना खुलं झालं तेव्हा काही पुरुष सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. बाई आपल्यावर साहेब होणार हे त्यांना सोसलं नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हरले, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. एकजूट कोण फोडतंय, हे त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी या तारखा पाहून सांगावं.

आता माझं. मी एका विमान कंपनीत चेक-इन काउंटरवर होते. रात्रीची पाळी साडेबाराला सुटायची. शेवटची लोकल पकडायला धावत सुटायचं, चुकली तर स्टाफ रूमच्या बाकावर पहाट करायची. घरी सोडणारी गाडी विमानातल्या क्रूला होती, आम्हाला नव्हती. आम्ही बायकांनी ही मागणी तीन करारांच्या मागणीपत्रांत घातली. तिन्ही वेळा शेवटच्या रात्री ती गळली. ओव्हरटाइमचा दर वाढला, महागाई भत्ता वाढला, गाडी गेली. आमचे सरचिटणीस, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, सकाळी काउंटरवर येऊन म्हणायचे, "ताई, या वेळी सोडा. पुढच्या करारात नक्की." वाटाघाटीच्या समितीत अकरा जण होते, अकराही पुरुष. सभा रात्री नऊला. नऊला आम्ही एक तर काउंटरवर, नाही तर घरी भाकऱ्या थापत. मग म्हणायचे, बायका सभेला येत नाहीत.

एका रात्री विमान उशिरा सुटणार होतं. मला पाळी संपल्यावर थांबायला सांगितलं. घरी तापानं फणफणलेली मुलगी होती. मी नाही म्हटलं आणि निघाले. आठ दिवसांनी हातात चार्जशीट. आज्ञाभंग. नोकरी जायचीच वेळ होती. खातेनिहाय चौकशीत माझ्या बाजूनं कोण उभं राहिलं? हेच भाऊ. अकरा तारखा झाल्या, एकही चुकवली नाही. ड्यूटी रोस्टर मागवून घेतला, साहेबाला उलटतपासणीत घाम फोडला, पाळी संपल्यावर थांबवायचा लेखी आदेशच नव्हता हे सिद्ध केलं. मी सुटले. त्या तेवीस वर्षांत माझी नोकरी टिकली ती त्या माणसामुळे आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या युनियनमुळे. माझ्या गाडीवर पाणी सोडणाराही तोच. दोन्ही खरं आहे, आणि यातलं एक लपवून दुसरं सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून त्या तरुण मैत्रिणीला सांगते, युनियन नसल्यावर काय होतं तेही बघ. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं एका फटक्यात सुमारे ८०० केबिन क्रूंना घरी बसवलं, आणखी ११०० जणांची पाळी यायची होती. गणवेशातल्या मुली मुंबईत रस्त्यावर रडताना सगळ्या देशानं पाहिल्या. दाद मागायला त्यांना राजकीय नेत्याचं दार गाठावं लागलं. मालकानं निर्णय मागे घेतला हे चांगलंच झालं, पण उपकार म्हणून घेतला. हक्काचा कागद त्यांच्या हातात आला नाही. १७ एप्रिल २०१९ ला त्याच कंपनीची विमानं बंद पडली तेव्हा महिनोन्महिन्यांचे पगार थकलेले होते. याउलट मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूनं सामूहिक आजारपणाची रजा टाकली. कंपनीनं २५ जणांना काढलं, पण तिथे युनियन होती. दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी झाली आणि त्या सगळ्यांना परत घ्यावं लागलं.

आता हा विषय तातडीचा का, ते सांगते. नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. संपाच्या नोटिशीची अट विमानसेवेला आधीपासून होतीच. आता निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जाईल. आणि ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार, तीच एकटी वाटाघाटीला बसेल. तक्रार निवारण समितीत बायकांचं प्रमाण त्यांच्या संख्येइतकं असावं असं ही संहिता सांगते. पण करारावर सह्या करायला बसणाऱ्यांत एकही बाई नसली तरी तिचं काही म्हणणं नाही! म्हणजे लोडर, तंत्रज्ञ, काउंटर, क्रू अशा सगळ्यांचे मिळून ५१ टक्के जमवलेली, नखशिखांत पुरुषी समिती उद्या क्रूमधल्या मुलींचं वय, वजन, बाळंतपणानंतर पुन्हा उड्डाणावर घेण्याच्या अटी, सगळं ठरवील. आणि २००३ चा अनुभव सांगतो की नंतर न्यायालयात गेलात तर समोर तुमच्याच संघटनेचा वकील उभा असेल.

यावर उपाय म्हणून बायकांची वेगळी युनियन काढा, असं काहीजणी सुचवतात. मला ते पटत नाही. फक्त बायकांचे ५१ टक्के फार थोड्या ठिकाणी भरतील, आणि जमिनीवर सफाई करणाऱ्या कंत्राटी बायकांना तर कोणतीच युनियन जवळ करत नाही. त्यांना आणखी कुठे ढकलायचं? माझं म्हणणं असं की असलेल्या युनियनमध्ये शिरायचं आणि तिच्या घटनेत बदल मागायचा. वाटाघाटीच्या समितीत बायका त्यांच्या संख्येच्या प्रमाणात हव्यात. ज्या कलमाचा परिणाम फक्त बायकांवर होतो त्यावर बायकांचं वेगळं, गुप्त मतदान व्हावं, आणि त्यांनी नाकारलेलं कलम करारात येऊ नये. सभा पाळी बदलण्याच्या वेळी आणि कामाच्या जागी घ्यावी, रात्री नऊला कुठल्याशा हॉलमध्ये नव्हे. कंत्राटी बायकांना सदस्यत्व मिळावं. भाऊंसारख्यांना हे फुटीचं वाटेल. वाटू दे.

शिबिराहून परतताना त्या मैत्रिणीनं बसमध्ये माझ्या शेजारी जागा धरली आणि विचारलं, "तुमची ती गाडी शेवटी सुरू झाली का हो?" झाली. चौथ्या करारात, आम्ही सातजणी सभेच्या दारात बसून राहिलो आणि कलम वाचून दाखवल्याशिवाय समितीला आत जाऊ दिलं नाही तेव्हा. मी त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले.

घटनादुरुस्तीचा कच्चा मसुदा आम्ही तयार केला आहे. बँका, विमा, एसटी, रुग्णालयं, जिथे जिथे आपल्या मैत्रिणी युनियनमध्ये आहेत त्यांनी आपापल्या करारांतली बायकांवरची कलमं उतरवून आमच्याकडे पाठवावीत.