वजनकाट्यावरचे विज्ञान : पोलादी हार्डटेलच्या बाजूने आणि तिच्या भक्तांच्या विरोधात

३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये तो जाहीर केला. तेव्हापासून दरवर्षी त्या सुमारास आपल्या माध्यमांच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागांत एक ठरावीक मजकूर अवतरतो. कोणीतरी एका हाताने सायकल उचलून दाखवतो, ‘एरोस्पेस ग्रेड’ हे शब्द दोन-तीनदा उच्चारले जातात, आणि पोलादी फ्रेम म्हणजे दूधवाल्याची जुनी सायकल, असा निष्कर्ष वाचकाच्या गळी उतरवला जातो. दुसऱ्या बाजूला पोलादाच्या भक्तांचा एक संप्रदाय आहे. ‘स्टील इज रिअल’ हा त्यांचा मंत्र. पोलाद ‘जिवंत’ असते, रस्त्याचे हादरे ‘पिऊन टाकते’, असे ते छातीठोकपणे सांगतात. विद्यार्थिमित्रहो, या दोन्ही पक्षांनी अकरावीचे भौतिकशास्त्र गुंडाळून ठेवले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी स्वतः गेली काही वर्षे पोलादी हार्डटेल चालवतो. हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शन फोर्क असलेली, पण मागे कोणतेही सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक. मी तिची बाजू घेणार आहे, परंतु कारणे वेगळी आहेत. ती समजून घेण्यासाठी आधी काही भ्रम दूर करणे आवश्यक आहे.

पहिला भ्रम असा की पोलाद ‘लवचीक’ आणि अ‍ॅल्युमिनियम ‘ताठ’. यंगचा गुणांक आठवावा. पोलादाचा सुमारे २०५ गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे ७०. म्हणजे द्रव्य म्हणून पोलाद जवळजवळ तिप्पट ताठ आहे. घनता पाहावी, तर पोलादाची ७.८५ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर; म्हणजे तेही जवळजवळ तिप्पट जड. भागाकार करून पाहा. वजनाच्या मानाने दोघांचा ताठपणा जवळपास सारखाच निघतो. मग अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम ताठ का वाटतात? कारण त्यांच्या नळ्या जाड्या असतात. पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या आणि भिंतीच्या जाडीच्या गुणाकारावर अवलंबून असतो. वजन तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर ताठपणा चौपट होतो. पोलादी नळी तेवढीच रुंद का करत नाहीत, याचेही उत्तर सोपे आहे. चांगल्या पोलादी नळीची भिंत मध्यभागी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असते. ती आणखी पातळ केली तर पहिल्याच दगडाने तिला पोचा पडेल. सारांश, स्वाराला जे जाणवते ते धातूपेक्षा नळीच्या आकाराचे काम असते.

याच गणिताने दुसऱ्या पक्षाचाही एक दावा कोसळतो. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, साध्या पोलादापेक्षा ‘अधिक ताठ’ असते, असे दुकानात सांगतात. मुळीच नाही. दोघांचा यंगचा गुणांक जवळपास एकच. फरक मजबुतीत आहे. क्रोमोली कायमचे वाकण्यापूर्वी बराच अधिक ताण सोसते, म्हणून तिच्या नळ्या पातळ करता येतात आणि फ्रेम हलकी होते. स्वस्त सायकलींवर नुसते ‘हाय टेन्साइल स्टील’ लिहिलेले असते, तिथे मजबुती कमी म्हणून भिंती जाड, आणि भिंती जाड म्हणून वजन अधिक. ताठपणा आणि मजबुती या दोन वेगळ्या राशी आहेत, हे ज्याला परीक्षेत लिहिता येते त्याला दुकानात का आठवू नये?

दुसरा भ्रम हादऱ्यांचा. सायकलच्या फ्रेमची मागची बाजू हा त्रिकोण आहे आणि त्रिकोण उभ्या दिशेने सहजासहजी दबत नाही. खडकावरून जाताना ती बाजू मिलिमीटरच्या अंशाने हलते, तर टायर कित्येक मिलिमीटर दबतो. बाहेर लांब काढलेला सीटपोस्टही फ्रेमपेक्षा अधिक वाकतो. म्हणून जो गृहस्थ टायरमध्ये ४० पीएसआय हवा भरून पोलाद हादरे पिते की नाही हे तपासतो, तो प्रयोग चुकीच्या भांड्यात करतो आहे. सव्वादोन-अडीच इंची ट्यूबलेस टायर घ्यावा, वजनाप्रमाणे हवा २०-२५ पीएसआयपर्यंत उतरवावी, आणि मग बोलावे. उतारावर खरे सस्पेन्शन म्हणजे स्वाराचे वाकवलेले गुडघे आणि कोपरे. हार्डटेलवर बसून उतरणाऱ्याला पाठ शिक्षा करते. उभे राहून, टाचा किंचित खाली दाबून, वळणाच्या आधीच ब्रेक लावून उतरणाऱ्याला तीच सायकल ओळी निवडायला शिकवते.

तिसरा भ्रम वजनाचा, आणि माध्यमांचे सर्वाधिक प्रेम त्यावरच. चांगली क्रोमोली हार्डटेल फ्रेम साधारण सव्वादोन ते अडीच किलोची, तशीच अ‍ॅल्युमिनियमची पावणेदोन किलोच्या आसपास. फरक फार तर किलोभराचा. आता स्वार ६५ किलोचा, सायकल १३ किलोची, पाणी व सामान ४ किलोचे धरू. एकूण ८२ किलो. चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य एकूण वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणजे एका किलोने फरक पडतो सव्वा टक्क्याचा. एका तासाच्या चढाला सुमारे ४४ सेकंद. २०२३ मध्ये केरळातील पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिथे पदकासाठी झुंजणाऱ्याला हे ४४ सेकंद प्राणाहून प्रिय असतील, आणि त्याने कार्बन अवश्य वापरावा. पण सुट्टीत मनाली-लेह किंवा स्पिती करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या ४४ सेकंदांसाठी आईवडिलांचे पैसे खर्च करायला लावणे, याला विज्ञानवार्ता म्हणत नाहीत. याला जाहिरात म्हणतात. आणि ‘एरोस्पेस ग्रेड’चेच कौतुक असेल, तर हेही कळू द्या की छोट्या विमानांचे सांगाडे ४१३० क्रोमोलीच्या नळ्या जोडून बनवत आले आहेत. ती पदवी पोलादाकडे आधीपासूनच आहे.

मग मी पोलादाची बाजू का घेतो? फ्रेम निवडताना खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कोणी विचारत नाही म्हणून. ही फ्रेम मोडेल तेव्हा कशी मोडेल, आणि मोडली तर कुठे दुरुस्त होईल?

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर दीर्घ प्रयोग केले. एका झटक्यात सहज पेलणारा ताण लाखो वेळा आला की आस मोडतो, हे त्यांनी दाखवून दिले. धातूच्या या थकव्याच्या बाबतीत पोलादाचे एक वैशिष्ट्य आहे. एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी पोलाद मोडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. लहान ताणांचीही नोंद त्याच्या खात्यावर होत राहते. म्हणून अभियंते त्याच्या नळ्या रुंद करून ताण खूप खाली ठेवतात, आणि नीट बनवलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वर्षानुवर्षे टिकते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत माउंटन बाइकच्या फ्रेमला पायडलच्या जोराची १ लाख आवर्तने सोसावी लागतात. ती कसोटी कोणत्याही धातूची फ्रेम उतरू शकते. परंतु मोडण्याची रीत निराळी आहे. पोलादातील चीर बहुधा हळूहळू वाढते, आधी रंगावर रेघ उमटते, करकर ऐकू येते. कार्बनला दगडाचा मार बसला, तर आतले थर सुटूनही वरून काही दिसत नाही.

इथे माझाच एक प्रमाद सांगतो. स्पितीत मी सीटपोस्ट किमान खुणेच्याही वर काढून चालवत होतो. उंची वाढवायची होती आणि लांब पोस्ट विकत घेण्याचा आळस होता. तिसऱ्या दिवशी सीटखालच्या नळीला, आडवी नळी जुळते त्याच्या मागे, चीर दिसली. दोष सर्वस्वी माझा. ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका टपरीवरील कारागिराने चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकू नये, आणि गॅसच्या ज्योतीवर पितळेने ती जागा भरून दिली. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, पोलादाला त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते. त्यामुळे नळी न वितळवता जोड बसतो. उरलेला प्रवास मी सावकाश, पण सायकलवरूनच पूर्ण केला. तीच फ्रेम ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची असती, तर वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीची मजबुती निम्म्यापर्यंत घसरली असती, आणि ती परत आणायला अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून, झटकन थंड करून, पुन्हा कमी तापमानाला काही तास भाजावी लागली असती. ती भट्टी हिमालयातल्या कोणत्या टपरीवर मिळणार?

भक्तांनी मात्र इथेच टाळ्या वाजवू नयेत. पातळ क्रोमोली नळीवर साधे विजेचे वेल्डिंग करायला गेलात, तर जोडाऐवजी भगदाड मिळेल. ‘पोलाद कुठेही, कोणीही जोडतो’ हेही अर्धसत्यच. कारागीर पितळकाम जाणणारा हवा. दुसरे, गंज. थकव्याची ती सुरक्षित मर्यादा स्वच्छ पोलादापुरती आहे. गंजाचे खड्डे पडले की ती हमी संपते. दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देऊन ‘आपले पोलाद गंजत नाही’ असे सांगणारेही भेटतात. त्या स्तंभावर आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी मूलभूत काम केले. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो, हे त्यांनी उलगडून दाखवले. आधुनिक पोलादातून फॉस्फरस मुद्दाम कमी केलेला असतो, कारण तो ठिसूळपणा आणतो. क्रोमोलीत क्रोमियम जेमतेम एक टक्का. ‘स्टेनलेस’ म्हणवायला साडेदहा टक्के लागते. म्हणून पूर्वजांचा अभिमान बाळगावा आणि पावसाळ्याआधी फ्रेमच्या नळ्यांत आतून जवसाचे तेल फिरवावे. पायडलच्या धुरीखालचे पाणी निथळण्याचे भोक मोकळे आहे ना, तेही पाहावे. कोकण असो वा केरळ, समुद्राची खारी हवा कोणाची देशभक्ती विचारत नाही.

आता निवडीविषयी. धातूच्या आधी भूमिती पाहा. हार्डटेलचा पुढचा फोर्क दबला की संपूर्ण सायकल मागच्या चाकाभोवती पुढे झुकते. दोन चाकांच्या केंद्रांतील अंतर ११५० मिलिमीटर धरले, तर फोर्क २० मिलिमीटर दबताच हँडलचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. १२० मिलिमीटरचा फोर्क पूर्ण दबला, तर पाच अंशांहून अधिक. म्हणजे कागदावर ६६ अंशांची निवांत दिसणारी सायकल उतारावरच्या सर्वांत बिकट क्षणी ७१ अंशांची, चंचल होते. म्हणून हार्डटेलवर १५०-१६० मिलिमीटरचा फोर्क मिरवण्यात शहाणपण नाही. १०० ते १३० पुरे. कंपनीने दिलेला कोन स्वार बसल्यानंतरचा आहे की रिकाम्या सायकलचा, हे विचारा. उभे राहून चालवताना हँडलपर्यंतची पोहोच आपल्या अंगाला जुळते का, ते बसून नव्हे तर उभे राहून तपासा. नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ आहेत का, हे विचारा. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी अशा नळ्यांचे पेटंट घेतले होते, तेव्हा ही काही गुप्त विद्या नव्हे. गिअर टांगण्याचा तुकडा वेगळा काढता येतो का, आणि तो सहज मिळतो का, हेही विचारा. एवढे प्रश्न विचारून हाती पोलाद आले तर उत्तम. गावात आणि वापरात अ‍ॅल्युमिनियम अधिक योग्य ठरले, तर तेही उत्तम. प्रश्न न विचारता घेतलेली फ्रेम मात्र कोणत्याही धातूची असो, महागच पडते.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. ते कर्तव्य अवकाशयान उडते त्या दिवशी टाळ्या वाजवून संपत नाही. दुकानदार वजनकाटा पुढे करतो तेव्हा, किंवा एखादा भक्त ‘जिवंत धातू’ची महती गातो तेव्हा, खिशातून कागद काढून भागाकार करण्यात ते पार पडते. ज्या देशात लाखो मुले दरवर्षी यंगचा गुणांक पाठ करतात, त्या देशात सायकलची फ्रेम जाहिरातीवरून निवडली जावी, ही मला त्या मुलांची नव्हे, आपण त्यांना जे शिकवले त्याची नामुष्की वाटते.

मतभेद अवश्य मांडावेत. मात्र आकड्यांसह.