सडपातळ देहातील चरबी

सडपातळ माणसाला मधुमेहाची भीती नाही, ही घरोघरीची समजूत आम्हांस धोक्याची वाटते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांनी २५ ची वाट न पाहता २३ पासूनच सावध व्हावे, असे सुचविले.

याचे मूळ जन्माआधीच दिसते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५, तरी आपल्या बालकांची चरबी त्या मानाने टिकून होती. गर्भवतीच्या ताटात मात्र सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेलेच अनेक घरांत आजही वाढले जाते.